ज्युरी ड्यूटीचे समन्स आले आहे : ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी आपले अनुभव कृपया लिहावेत

निशिगंध

नमस्कार. मी मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणीस वर्षे राहत आहे आणि दोन वर्षांपूर्वी अमेरिकेची नागरिक झाले. नागरिकत्वाच्या मुलाखतीच्या प्रश्नसंचात ‘केवळ नागरिकांवरच असणारी एक जबाबदारी सांगा’ असा प्रश्न होता आणि ‘ज्युरीत काम करणे’, म्हणजे निवडलेल्या सामान्य नागरिकांसोबत बसून खटल्याचा कौल देणे, हे त्याचे उत्तर मी कामावर जाता-येता गाडीत पाठ केले होते. गेल्या आठवड्यात त्याच जबाबदारीचे समन्स टपालाने घरी आले. अडीच महिन्यांनंतरची तारीख आहे आणि काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयात सकाळी आठ वाजता हजर राहायचे आहे.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. सासूबाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया नेमकी त्या तारखेच्या दोन आठवडे आधी ठरली आहे आणि दिवसा त्यांच्याजवळ मीच असणार आहे. दुसरी अडचण भाषेची आहे. कार्यालयात मी दिवसभर इंग्रजीतच काम करते, तरीही वकील वेगाने बोलू लागले किंवा एखादा साक्षीदार पुटपुटला तर माझा एखादा शब्द निसटेल आणि त्या एका शब्दावर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असेल, या विचाराने मला धास्ती वाटते. तिसरी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो, पण तीच मनाला सर्वांत जास्त लागून राहिली आहे. एखाद्या माणसाला दोषी ठरवण्याचा अधिकार मला कोणी आणि का द्यावा, हे मला कळत नाही. आपल्याकडे ज्युरी म्हटले की १९०८ सालचा लोकमान्यांचा राजद्रोहाचा खटला आणि पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचे नानावटी प्रकरण एवढेच आठवते, आणि त्या दोन्ही आठवणींनी ज्युरीविषयी विश्वास वाटण्याऐवजी भीतीच वाटते.

ओळखीच्या काही मंडळींनी सुटका करून घेण्याच्या युक्त्या सुचवल्या. ‘इंग्रजी येत नाही म्हणून सांग’, ‘पोलीस म्हणतील ते सगळे खरेच असते असे सांग, म्हणजे वकील लगेच घरी पाठवतील’, असे ते म्हणतात. मला खोटे बोलायचे नाही. परंतु खोटे न बोलता हे काम मला झेपेल का, हेही मला ठाऊक नाही. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी तिथे काय घडते ते सविस्तर सांगितले, तर मी फार आभारी राहीन.

उंबरठा

निशिगंधताई, मीही याच राज्यात राहतो आणि चार वर्षांपूर्वी वरिष्ठ न्यायालयात एका फौजदारी खटल्यात सात दिवस बसलो होतो, त्यामुळे जे पाहिले तेच लिहितो.

आधी सासूबाईंचे सांगतो, कारण ती अडचण सर्वांत सोपी आहे. आपल्या राज्यात मूळ तारखेपासून एक वर्षाच्या आतली आपल्याला सोयीची तारीख एकदा मागून घेता येते आणि त्यासाठी कोणापुढे अडचणींचा पाढा वाचावा लागत नाही. घरातील कायमच्या अपंग व्यक्तीची रोजची देखभाल एकट्याने करणाऱ्याला या कामातून सूट मिळू शकते, परंतु शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांत चालू-फिरू लागणारी व्यक्ती त्या व्याख्येत बसेल असे मला वाटत नाही, म्हणून सूट मागण्यापेक्षा तारीख पुढे घ्या. पगाराचीही काळजी करू नका. पहिले तीन दिवस नोकरी देणाऱ्याने नेहमीचा पगार द्यायचा असतो आणि चौथ्या दिवसापासून राज्य दिवसाला ५० डॉलर देते. इथे ‘एक दिवस किंवा एक खटला’ अशी पद्धत आहे. त्या दिवशी तुमची निवड झाली नाही, तर संध्याकाळपर्यंत तुमचे कर्तव्य संपते.

समन्ससोबत जी गोपनीय प्रश्नावली येते ती शांतपणे भरा. तुमचा व्यवसाय, शिक्षण, घरातील कोणी पोलीस खात्यात आहे का, तुम्ही किंवा जवळचे कोणी कधी गुन्ह्याचे बळी ठरले आहे का, असे प्रश्न त्यात असतात. ती न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील वाचतात आणि तिच्यावर आपण सत्यकथनाची सही केलेली असते. ज्या युक्त्या तुम्हाला सुचवल्या गेल्या, त्या या सहीच्या विरुद्ध जातात. तुम्ही त्यांचा विचार सोडून दिलात हे वाचून मला फार बरे वाटले.

आता प्रत्यक्ष दिवस. आम्ही सत्तर-ऐंशी जण एका मोठ्या खोलीत बसलो होतो. एक चित्रफीत दाखवली गेली, एका न्यायाधीशांनी स्वतः येऊन आमचे आभार मानले आणि मग जवळजवळ दोन तास काहीच घडले नाही. सोबत पुस्तक न्या, एवढाच त्यावर सल्ला. त्यानंतर आम्हाला न्यायालयात नेले. आरोपी उठून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. जेमतेम पंचविशीचा मुलगा होता, त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर घडीची रेघ अजून ताजी दिसत होती, म्हणजे सदरा त्याच दिवशी पाकिटातून काढलेला असावा. तोवर मी हे काम सरकारी कागदपत्रांसारखे समजत होतो. ती रेघ पाहिल्यावर मला एकदम जाणवले की हा कोणाचा तरी मुलगा आहे आणि कोणीतरी आज सकाळी याला हा सदरा आणून दिला आहे.

प्रत्येकाला एकेक करून न्यायाधीशांजवळ बोलावतात आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने प्रश्न विचारतात. मला बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले, ‘आत्ता या क्षणी मत द्यायला सांगितले, तर तुम्ही काय मत द्याल?’ मी म्हणालो, ‘मी अजून काहीच ऐकलेले नाही, मत कसे देऊ?’ त्या म्हणाल्या, ‘काहीच ऐकलेले नाही, तर कायद्याप्रमाणे तुमचे मत “दोषी नाही” असेच असायला हवे.’ मी औषधनिर्माता आहे. कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय बोलू नये ही माझ्या धंद्याची सवय आहे आणि म्हणून मी स्वतःला तटस्थ समजत होतो. आरोपीच्या बाबतीत तटस्थ असणेसुद्धा पुरेसे नाही, तो निर्दोष आहे असे धरूनच सुरुवात करायची असते, हे मला तोवर कोणी इतके स्पष्ट सांगितले नव्हते. उत्तर चुकूनही माझी निवड झाली. बहुधा माझा चेहरा पाहून त्यांना कळले असावे की ही गोष्ट मला पटली आहे.

आम्ही चौदा जण निवडले गेलो. मत मात्र बारांनीच द्यायचे असते. कोणी आजारी पडले तर खटला मोडू नये म्हणून दोन जास्त घेतात, आणि ते दोन कोण हे शेवटपर्यंत कोणालाही माहीत नसते. त्यामुळे चौदाही जण सारख्याच लक्षाने ऐकतात. सात दिवस मी ऐकले, टिपणे काढली, रोज संध्याकाळी ती वही तिथेच ठेवून घरी आलो, आणि बायकोने ‘काय चालले आहे’ असे विचारले की ‘संपल्यावर सांगेन’ एवढेच म्हणालो, कारण घरच्यांशीही त्यावर बोलण्याची मनाई असते. शेवटच्या दिवशी वकिलांची भाषणे झाली, न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगितला आणि मग चिठ्ठ्या टाकलेले पिंप फिरवून दोन क्रमांक काढले गेले. त्यात एक माझा निघाला. बाकीचे बारा जण चर्चेच्या खोलीत गेले आणि मी दुसऱ्या खोलीत एका अधिकाऱ्यासोबत बसून राहिलो.

सकाळी आठ वाजता ‘आपली सुटका झाली तर बरे’ असे म्हणणारा मी त्या क्षणी आतल्या आत कळवळलो. माझे मत तयार होते आणि ते ऐकायला कोणी नव्हते. निकाल लागला, तो माझ्या मताप्रमाणेच लागला, परंतु ते माझे मत नव्हते. आजही गाडी त्या इमारतीवरून गेली की मला ते सात दिवस आठवतात. तुम्हाला झेपेल का, असे विचारलेत. ज्यांना ही धास्ती वाटते, त्यांनीच तिथे बसावे असे मला मनापासून वाटते.

निशिगंध

उंबरठा, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तारीख पुढे घेण्याचा अर्ज मी आजच ऑनलाइन भरला. सदऱ्याच्या घडीचे वाचून मी बराच वेळ गप्प बसून होते.

चर्चेच्या खोलीत प्रत्यक्ष बसलेले कोणी इथे आहे का? भाषेचा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझे उच्चार इथे जन्मलेल्यांसारखे नाहीत. अकरा माणसांसमोर मी माझे म्हणणे मांडू शकेन का?

पाऊलवाट

मी कॅलिफोर्नियात एका मारहाणीच्या खटल्यात बारांपैकी एक होते. तुमच्या भाषेच्या प्रश्नावर माझ्याजवळ एक अनुभव आहे, तो थोडा वेळ घेऊन सांगते.

वाहनतळावर दोन माणसांत भांडण झाले होते. एकाच्या गाडीची काच फुटली आणि तो माणूस पडून त्याचे मनगट मोडले. आरोप दोन होते, मारहाण आणि मालमत्तेचे नुकसान. एक वयस्कर साक्षीदार हिंदीत बोलणारे होते आणि त्यांच्यासाठी न्यायालयाने दुभाषी दिला होता. निवडीच्या वेळीच न्यायाधीशांनी मला विचारले होते, ‘तुम्हाला हिंदी समजते, तरीही तुम्ही दुभाष्याने सांगितलेले इंग्रजीच पुरावा म्हणून धराल का?’ मी हो म्हणाले, कारण त्या प्रश्नात काही अवघड आहे असे मला तेव्हा वाटले नाही. यामागचे कारण नीट समजावून दिले होते. मी माझ्या कानांनी ऐकलेले धरले, तर माझ्याजवळचा पुरावा एक आणि इतर अकरा जणांजवळचा पुरावा दुसरा असे होईल.

साक्षीदार म्हणाले, ‘उसको धक्का लगा और वो गिर गया.’ दुभाष्याने जे इंग्रजी केले त्याचा अर्थ ‘त्याने त्याला ढकलले आणि तो पडला’ असा होत होता. धक्का लागणे आणि धक्का मारणे यांत किती अंतर आहे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, गर्दीच्या लोकलमध्ये उभा राहिलेला प्रत्येक माणूस ते जाणतो. परंतु त्या खोलीत ते अंतर जाणणारी ज्युरीत मी एकटीच होते. मला शेजारच्या ज्युररला काही सांगण्याची परवानगी नव्हती. दुभाषी चुकला असे वाटले, तर स्वतः भाषांतर करून इतरांना सांगायचे नाही, न्यायाधीशांना चिठ्ठी लिहायची, अशी स्पष्ट सूचना होती. मी वहीचे पान काढले. माझा हात थरथरत होता. दोन ओळी लिहिल्या आणि अधिकाऱ्याकडे दिल्या.

न्यायाधीशांनी चिठ्ठी वाचली, आम्हाला बाहेर पाठवले आणि साधारण वीस मिनिटांनी परत बोलावले. तोच प्रश्न साक्षीदारांना पुन्हा विचारला गेला. या वेळी उत्तर आले ते असे की त्याला धक्का लागला, तो कोणाकडून लागला हे मी पाहिले नाही. चिठ्ठी कोणी लिहिली याचा उल्लेख कोणीही केला नाही.

यानंतर चर्चेच्या खोलीचे. आमच्याकडे प्रमुख ज्युररची निवड ज्युररच करतात. एक निवृत्त शिक्षिका पुढे आल्या आणि सर्वांनी मान्यता दिली. पहिल्याच फेरीत नऊ जण मारहाणीच्या आरोपावर ‘दोषी’ म्हणाले. मी माझ्या मोडक्यातोडक्या घाईच्या इंग्रजीत ‘कोणीच ढकलताना पाहिलेले नाही’ असे म्हणाले, तेव्हा एक गृहस्थ ठामपणे म्हणाले की दुसऱ्या साक्षीदाराने, म्हणजे दुकानातल्या मुलीने, ढकलताना पाहिले होते. चार-पाच जणांना तसेच आठवत होते आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच आठवू लागले. मग आम्ही तिची साक्ष पुन्हा वाचून दाखवण्याची विनंती केली. लघुलेखिका आल्या आणि त्यांनी प्रश्नोत्तरे एकसुरात वाचली. मुलीचा रडवेला चेहरा, तिचा थांबत थांबत येणारा आवाज, काहीच नव्हते, फक्त शब्द होते. आणि त्या शब्दांत ‘आरडाओरडा ऐकला, वळून पाहिले तेव्हा तो खाली पडला होता’ एवढेच होते. ‘ढकलताना पाहिले’ हे आम्ही आमच्या मनाने भरले होते.

काचेच्या आरोपावर आम्ही सर्वांनी त्याला दोषी ठरवले, मारहाणीच्या आरोपावर दोषी नाही असे ठरवले. तो निर्दोष होता याची मला खात्री आहे का? नाही. त्याने ढकललेही असेल. पण ‘असेल’ पुरेसे नव्हते, वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हायला हवे होते आणि ते झाले नव्हते. निकाल वाचल्यावर एकेकाला विचारले जाते, ‘हाच तुमचा निकाल आहे का?’ त्या वेळी आरोपी आपल्याकडे पाहत असतो आणि ज्याचे मनगट मोडले तोही पाहत असतो. मी ‘हो’ म्हणाले. माझ्या उच्चारांचा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नाही.

लोकमान्यांच्या खटल्याचा उल्लेख तुम्ही केलात. त्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरवले गेले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या लेखांवरून खटला झाला ते ‘केसरी’तले, म्हणजे मराठीतले, आणि न्यायालयापुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे होती. ही भाषांतरे मूळ अर्थाला धरून नाहीत, हा टिळकांच्या बचावातला मोठा भाग होता. लहानपणी मी हे सनावळीसारखे वाचले होते. ‘धक्का लगा’ ऐकल्यावर मला त्याचा अर्थ कळला. त्या आठवणीने तुम्हाला ज्युरीची भीती वाटते, मला मात्र तिच्यामुळेच वाटते की आपण तिथे असायला हवे. आणखी एक फरकही आहे. अमेरिकेत आता फौजदारी खटल्यात सात विरुद्ध दोन अशा मतांवर कोणालाही तुरुंगात पाठवता येत नाही. लुईझियाना आणि ओरेगॉन या दोन राज्यांत गंभीर गुन्ह्यांसाठीही दहा विरुद्ध दोन मते पुरेशी धरत असत, तीही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घटनाबाह्य ठरवली. म्हणजे तुमचे एक मत बाजूला सारून कोणाला पुढे जाता येणार नाही.

दुहेरी नोंद

वरील दोन्ही अनुभव वाचून मला आदर वाटला, परंतु एक बाजू मांडली जात नाही असे वाटते, म्हणून लिहितो.

मी स्वतःची छोटी हिशेबनिसाची सेवा चालवतो. मला फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयाचे समन्स आले आणि एका दिवाणी खटल्यात आम्ही आठ जण जवळजवळ तीन आठवडे बसलो. फेडरल न्यायालय दिवसाला ५० डॉलर आणि प्रवासखर्च देते, दहा दिवसांनंतर ते ६० डॉलरपर्यंत जाऊ शकतात. माझा तेव्हा करविवरणांचा हंगाम होता. दिवसा न्यायालय आणि रात्री दोन वाजेपर्यंत ग्राहकांचे काम असे करूनही चार जुने ग्राहक दुसरीकडे गेले. ज्युरीच्या कामामुळे कोणाला नोकरीवरून काढता येत नाही, असा फेडरल कायदा आहे, परंतु त्या दिवसांचा पगार खासगी मालकाने द्यावाच असे तो कायदा म्हणत नाही, आणि ज्याचा मालक तो स्वतःच आहे त्याला कोणाकडे मागायचे? राज्याराज्यांतही फार फरक आहे. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर मिळतात, टेक्सासमध्ये २०२३ पर्यंत पहिल्या दिवसाचे ६ डॉलर मिळत, ते आता २० झाले आहेत.

निवडीच्या वेळी मी अडचण मांडली होती. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतली आणि नाकारली. माझ्यापुढे एक तरुण उभा होता, तो तासावर काम करणारा होता, त्याच्या घरभाड्याचा प्रश्न होता, त्याला सोडले. ते योग्यच झाले. परंतु असे लोक गळत गेले की ज्युरीत उरतात ते निवृत्त लोक आणि ज्यांचा पगार चालू राहतो ते. आमच्या आठांत हातावर पोट असणारे कोणीही नव्हते आणि खटला मात्र मजुरीच्याच थकबाकीचा होता. मला ही गोष्ट फार टोचली.

म्हणून माझी विनंती एवढीच की खरी अडचण असलेल्याने ती मांडली तर त्याला कर्तव्यचुकार समजू नये. आणि जे पगारी आहेत, त्यांनी तरी टाळू नये.

जाता जाता नानावटी प्रकरणाविषयी. त्या एका खटल्यामुळे भारतातील ज्युरी रद्द झाली असे सर्रास सांगितले जाते. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली आठ विरुद्ध एक असा ‘दोषी नाही’ हा कौल आला, न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, हे सगळे खरे. पण ज्युरीची पद्धत त्याआधीपासूनच अनेक ठिकाणी मागे पडत होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती संपली. पारशी विवाह न्यायालयांत मात्र समाजातील प्रतिनिधी अजूनही न्यायाधीशांसोबत बसतात.

वाटसरू

मी ग्रीन कार्डधारक आहे, म्हणजे कायमचा रहिवासी पण नागरिक नाही, त्यामुळे मला अनुभव नाही, पण समन्स मलाही आले होते आणि माझ्यासारखे वाचक इथे असतील म्हणून लिहितो. ज्युरीची नावे रहिवाशांच्या किंवा वाहन परवान्यांच्या याद्यांतून काढली जातात आणि त्या याद्यांत नागरिक नसलेलेही असतात. समन्स आले म्हणून आपण पात्र झालो असे होत नाही, आणि आपल्याला लागू नाही म्हणून ते फेकून देणेही चुकीचे आहे. प्रश्नावलीत ‘नागरिक नाही’ असे लिहून ती मुदतीत परत पाठवावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. घाईने चुकीच्या चौकोनात खूण केली आणि नागरिक असल्याचे सांगितले गेले, तर पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व या सगळ्यांवर त्याचे अतिशय गंभीर परिणाम होतात.

शिवाय, ‘तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघाले आहे, आत्ता दंड भरा’ असे फोन येतात. माझ्या आईला आला होता आणि तो दंड भरण्यासाठी ती पैसे भरलेली गिफ्ट कार्डे आणायला दुकानात निघालीही होती. न्यायालय फोनवरून पैसे मागत नाही. घरातील ज्येष्ठांना हे आवर्जून सांगून ठेवा.

निशिगंध

पाच महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सासूबाई आता काठी घेऊन जिना चढतात. माझी पुढे घेतलेली तारीख गेल्या मंगळवारी होती.

साडेसातलाच पोहोचले. सुरक्षा तपासणी झाली, क्रमांक मिळाला, चित्रफीत झाली. अकराच्या सुमारास आम्हा पन्नास जणांना ओळीने उभे केले आणि न्यायालयाच्या दारापर्यंत नेले. दार बंद होते. आम्ही जवळजवळ अर्धा तास त्या दारासमोरच्या बाकांवर बसलो होतो. माझ्या शेजारी बस चालवणारी एक बाई होती, तिने मला विचारले, ‘तुमची पहिलीच वेळ का?’ आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी संत्री मला दिली. मला पाऊलवाट यांची चिठ्ठी आठवत होती आणि उंबरठा यांना वकिलांनी सांगितलेले उत्तर मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, की काहीच ऐकलेले नसेल तर ‘दोषी नाही’.

मग दार उघडले आणि न्यायाधीश स्वतः बाहेर आले. ते म्हणाले की तुम्ही सगळे इथे येऊन बसला आहात हे दोन्ही बाजूंना दिसल्यावर आतल्या प्रकरणात तडजोड झाली आहे, आता खटला चालणार नाही. बरेच लोक हसले, एकाने टाळीही वाजवली. आम्हाला उपस्थितीचे प्रमाणपत्र मिळाले आणि एक वाजता मी घरी होते.

सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. काय झाले ते सांगितले. मग मला त्यांना हेही सांगावे लागले की पुढची तीन वर्षे बोलावणार नाहीत, आणि ते सांगताना माझा आवाज थोडा पडला होता. दुहेरी नोंद, माझा त्या दिवसाचा पगार कापला गेला नाही. बस चालवणाऱ्या त्या बाईंचे काय झाले, हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहून गेले.